साडेअकराशेंचा हत्ती आणि शेवटच्या पानावरची एक ओळ

दिवाळी झाली आणि लेकीचा फोन आला. "आई, बाळाला एक हत्ती विणून दे ना. चित्रात हत्ती दिसला की हात पुढे करतो." नातू चौदा महिन्यांचा. मी लगेच हो म्हणून बसले, कारण क्रोशाची सुई माझ्या हातात वयाच्या दहाव्या वर्षापासून आहे. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की माझा क्रोशा सगळा सपाट. ताटावरचे रुमाल, दाराचं तोरण, माठावरची मणी लावलेली जाळी, फार तर बाळाचं टोपडं. माझ्या रुखवतात आईने क्रोशाचे अकरा रुमाल मांडले होते, त्यांतले चार मी विणलेले. पण चार पायांवर उभं राहणारं, पोटात भरणा असलेलं जनावर मी कधी केलं नव्हतं.

म्हणून किट मागवलं. क्रोशाचा हत्ती, पंधरा सेंटिमीटर उंच, "नवशिक्यांसाठी", किंमत १,१४९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला कुणाशी भांडायचं नाहीये, घेणाऱ्याने काय बघून घ्यावं एवढंच सांगायचंय. आणि मी एकतीस वर्षं सहकारी बँकेत कॅश काउंटरला बसलेली बाई आहे. आलेला माल मोजून घेते.

खोका पाचव्या दिवशी साताऱ्यात पोचला. आत राखाडी लोकरीचा गुंडा एक, गुलाबीचा छोटा एक, थोडा काळा दोरा, रबरी मुठीची २.५ मिलिमीटरची सुई, भरायला फायबर, प्लास्टिकचे दोन काळे डोळे, टाका मोजायच्या दोन प्लास्टिकच्या पिना, एक प्लास्टिकची जाड सुई, बारा पानांची पुस्तिका आणि व्हिडिओसाठी क्यूआर कोड. पुस्तिका इंग्रजीत, व्हिडिओ हिंदीत. मराठीत काही नाही, ती अपेक्षाही आता मी सोडली आहे.

आधी चांगलं सांगते. सुई फार छान. माझ्या जुन्या स्टीलच्या सुईने अर्ध्या तासात अंगठ्याखाली वळ उठायचा, या मुठीने दोन तास विणलं तरी हात दुखला नाही. टोक गुळगुळीत आहे, दोरा फाटत नाही. किटमधली कायमची उपयोगी पडेल अशी वस्तू एकच, ती ही.

लोकर "कॉटन" म्हणून दिली आहे. माझा विश्वास बसला नाही, कारण हाताला ती सुतापेक्षा भुसभुशीत लागली आणि चार पदरांत सुटत होती. माझी आई करायची तसं केलं. बोटभर तुकडा चिमट्यात धरून काडी लावली, खाली स्टीलची ताटली. निव्वळ सूत असतं तर कागद जळल्यासारखा वास आला असता आणि बोटाने चुरडली की उडून जाईल अशी राख उरली असती. इथे वास आधी कागदाचा आला, मग प्लास्टिकचा, आणि टोकाला मोहरीएवढा काळा कडक मणी तयार झाला. म्हणजे सुतात अ‍ॅक्रिलिक मिसळलेलं. खेळण्याला हे मिश्रण वाईट नाही, मऊ राहतं, लवकर वाळतं, बाजारात "मिल्क कॉटन" म्हणून असंच काहीसं मिळतं. पण मग तसं लिहा ना. नुसतं कॉटन कशाला?

राखाडी गुंडा ५० ग्रॅमचा, असं पुस्तिकेत आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४६ भरला. काटा एखाद्या ग्रॅमने इकडे तिकडे होईल, चाराने नाही. तेव्हा मी मान हलवून सोडून दिलं. ते चार ग्रॅम पुढे कुठे भेटले ते सांगतेच.

आता विणायला बसले. या खेळण्यांना जपानी नाव आहे, अमिगुरुमी. "अमि" म्हणजे विणलेलं आणि "नुइगुरुमी" म्हणजे भरलेली बाहुली, त्या दोन शब्दांची मोडतोड. पद्धत अशी की दोऱ्याची कडी करायची, तिच्यात सहा टाके घालायचे आणि मग थांबायचं नाही, जिलबीसारखं गोल गोल फिरत राहायचं. फेरी जोडायची नाही, साखळी उचलायची नाही. प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवले की सपाट चकती होते: सहा, बारा, अठरा, चोवीस. वाढवणं थांबवलं की चकतीची वाटी होते. घटवायला लागलं की वाटीचं तोंड मिटत येतं. एवढंच शास्त्र आहे आणि ते पुस्तिकेत छान समजावलंय. पहिली पाच पानं त्याच्यावरच आहेत, चित्रांसकट. ज्याने कधी सुई धरली नाही त्यालाही यातून गोळा विणता येईल, हे मी खात्रीने सांगते. शेजारच्या नववीतल्या मुलीला पुस्तिका देऊन बघितली, तिचा चेंडू दुसऱ्या प्रयत्नात झाला.

टाक्याच्या नावाचा एक घोळ आहे, तो आधी सांगून ठेवते. पुस्तिकेत ज्याला "सिंगल क्रोशे" म्हटलंय तो आपला मुका खांब. सुई घालायची, दोरा ओढायचा, मग पुन्हा दोरा घेऊन सुईवरच्या दोन घरांतून एकदम बाहेर काढायचा. ही अमेरिकन नावं. आईच्या ट्रंकेतल्या जुन्या इंग्रजी पुस्तिकेत याच टाक्याला "डबल क्रोशे" म्हटलंय, कारण ती ब्रिटिश नावं. माझ्यासारख्या जुन्या पुस्तकांवर वाढलेल्या बाईने नाव वाचून विणलं तर टाका भलताच पडेल आणि हत्ती काही व्हायचा नाही. कुठली नावं वापरली आहेत ते पहिल्या पानावर एका ओळीत लिहायला काय हरकत होती?

दुसरी गंमत व्हिडिओची. पुस्तिकेतल्या चित्रात दोरा सुईवरून घेतलाय, आपण सगळ्या घेतो तसा. व्हिडिओतली मुलगी दोरा सुईच्या खालून ओढते. मी म्हटलं, काय फरक पडतो? डोकं माझ्या सवयीने विणलं, धड व्हिडिओ बघत तिच्या पद्धतीने. दोन्ही शेजारी ठेवले तर डोक्यावरचे टाके इंग्रजी व्ही अक्षरासारखे आणि सैलसर, धडाचे फुलीसारखे आणि घट्ट. डोकं मोठं दिसायला लागलं, धड काडीपैलवानाचं. खालून दोरा घेतला की टाका लहान आणि घट्ट बसतो, खेळण्याला तोच चांगला. पण दोन्हींतलं एक धरून शेवटपर्यंत जायचं, हे ना पुस्तिका सांगते ना ती मुलगी. डोकं उसवलं. छत्तीस टाक्यांच्या फेऱ्या, तासाभराचं काम, एका झटक्यात परत गुंड्यात.

आणि उलट्या-सुलट्या बाजूचं. गोल विणताना वाटी आपोआप आपल्याकडे वळते, आणि मग आपण नकळत आतून विणत राहतो. वाटी बाहेरच्या बाजूला उलटवून घ्यायची असते. मी पाय विणेपर्यंत हे लक्षातच घेतलं नाही. एक पाय उलटा, तीन सुलटे. तो एक पाय अजून तसाच आहे, मागचा डावा. कुणी विचारलं नाही.

आता मुख्य तक्रार. धडाची चौदावी फेरी.

सातव्या फेरीत बेचाळीस टाके होतात, तेराव्यापर्यंत बेचाळीसच ठेवायचे, मग घटवायला सुरुवात. पुस्तिका म्हणते: चार मुके खांब, एक घट (म्हणजे दोन टाक्यांचा एक करायचा), असं सहा वेळा, एकूण छत्तीस. मी विणलं आणि सहा टाके शिल्लक राहिले. वाटलं माझीच मोजायची चूक. उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा सहा उरले. काउंटरवर नोटा मोजताना समोरचा बोलायला लागला की पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या असतात, ही सवय आहे, म्हणून टीव्ही बंद केला आणि तिसऱ्यांदा केलं. सहाच. तेव्हा कागद घेतला. चार टाके आणि घटवताना खाल्लेले दोन, म्हणजे एका वेळी सहा. सहा सक छत्तीस. बेचाळीसांतले सहा कुठे जाणार? पाच मुके खांब आणि एक घट असं हवं, म्हणजे सात गुणिले सहा, बेचाळीस, आणि उरतात बरोबर छत्तीस. चाराच्या जागी पाच. एका आकड्याची छपाईची चूक, आणि मी एक संध्याकाळ घालवली.

मला हिशेब जुळवायची खोड आहे म्हणून सापडलं. पण खोक्यावर "नवशिक्यांसाठी" लिहिलंय. नवशिकी मुलगी काय करेल? तिला वाटेल मला जमत नाही, आणि किट माळ्यावर जाईल. मी कंपनीला व्हॉट्सअ‍ॅपवर पानाचा फोटो आणि माझा हिशेब पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं, माफी मागितली आणि दुरुस्त केलेलं पान पाठवलं. हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं, कारण आजकाल उत्तर येणंच कठीण. लोकर कमी भरल्याचंही लिहिलं होतं, त्यावर मात्र मौन.

तर ती चार ग्रॅम. डोकं झालं, धड झालं, चार पाय, सोंड, एक कान. दुसऱ्या कानाच्या पाचव्या फेरीत राखाडी दोरा संपला. उसवताना थोडी नासाडी माझ्याकडून झाली असेल, मान्य. पण ज्या किटमध्ये नवशिका उसवणार हे गृहीतच आहे, तिथे दोरा काठोकाठ मापून द्यायचा नसतो.

तो अर्धवट कान घेऊन खण आळीत गेले, लोकरीच्या दुकानात. दुकानदाराने कान उजेडात धरला आणि विचारलं, "मावशी, लॉट नंबर आणलाय का?"

"कसला लॉट?"

"एकच रंग दोनदा रंगवला तरी थोडा फरक येतो. गुंड्याच्या कागदावर नंबर असतो. तो जुळला तरच रंग जुळतो."

किटमधल्या गुंड्याला कागदच नव्हता, नुसती प्लास्टिकची पिशवी. त्याने तीन राखाडी काढून शेजारी ठेवले. एक हिरवट, एक निळसर, एक जवळपास तसाच पण दिवसा उजेडात वेगळा. मी जवळपासचा घेणार इतक्यात तो म्हणाला, "त्यापेक्षा दोन्ही कान गडद घ्या की. मुद्दाम केल्यासारखं वाटेल." पहिला कानही उसवला आणि दोन्ही कान गडद राखाडी, आतून गुलाबी, असे केले. सगळ्यांना तेच आवडतात. पहिल्या कानाच्या सुटलेल्या दोऱ्यातून शेपूट निघाली.

तिथेच उभ्या उभ्या हिशेबही केला. त्याच जाडीचे दोन गुंडे २६० रुपये, सुई ९०, पाव किलो फायबर ७०, टाका खुणेला घरची सेफ्टी पिन. सवाचारशेच्या आत हत्तीचं सामान, आणि फायबरातून तीन हत्ती भरतील. किटचे बाकीचे सातशे रुपये त्या बारा पानांचे आणि व्हिडिओचे. पानं चोख असती तर मी कुरकुरले नसते.

डोळ्यांबद्दल जरा थांबून. किटमधले डोळे आठ मिलिमीटरचे, मागे दांडी आणि त्यावर वॉशर दाबून बसवायचा. एकदा बसला की निघत नाही, म्हणून नाव "सेफ्टी आय". नावाने फसू नका. डोळा वॉशरमधून निघत नसेल, पण विणीचं भोक ताणून डोळा वॉशरसकट बाहेर येऊ शकतो, आणि चौदा महिन्यांचं पोर सगळं तोंडात घालून ताणतं. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत "तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही" असं आहे. खोक्याच्या वर मात्र रांगतं बाळ हत्तीला मिठी मारून बसलंय. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, पण हा खोका खेळणं म्हणून नव्हे, हस्तकलेचं सामान म्हणून विकला जातो. तेव्हा डोळ्यांची काळजी आपली आपणच घ्यायची. मी ते प्लास्टिकचे डोळे बाजूला ठेवले आणि काळ्या दोऱ्याने डोळे भरले, एका कोपऱ्यात पांढरा एक टाका. तो पांढरा टाका घातला आणि हत्ती माझ्याकडे बघायला लागला. हे काम डोकं भरायच्या आधी करायचं, नाहीतर आतली गाठ कुठे लपवणार?

भरण्याचं: किटमधलं फायबर गुठळ्यांचं होतं. बोटांनी पिंजून मगच घातलं, चिमूट चिमूट, विणायच्या सुईच्या मागच्या टोकाने कडेला सारत. एकदम गोळा कोंबला की बाहेरून टेंगळं दिसतात. पायांत घट्ट भरा, सोंडेत फक्त मुळाशी थोडं, म्हणजे सोंड वळते. घरातल्या जुन्या उशीतला सावरीचा कापूस घालायचा मोह झाला होता. घालू नका. धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि आतून वाळत नाही.

आता शेवटचं पान. बारावं. त्यावर पूर्ण झालेल्या हत्तीचा मोठा फोटो आणि खाली एक ओळ: "सर्व भाग जागेवर शिवून घ्या."

झालं! जागेवर म्हणजे कुठे? कितव्या फेरीवर? दोन पायांत किती टाके सोडायचे? पहिली पाच पानं गोळा विणायला, आणि गोळ्यांचा हत्ती करायला एक ओळ. ज्यांनी अशी खेळणी केली आहेत त्या सगळ्या सांगतील की विणणं हा सोपा भाग. सगळे तुकडे ताटात मांडलेले असतात आणि त्यांतून काहीही होऊ शकतं. मी पहिल्यांदा टाचण्यांनी कान लावले ते डोक्याच्या वर. झाला उंदीर. सोंड खाली लावली, ती बाटलीच्या बुचासारखी दिसायला लागली. सोंड वर घेतली, कान आडवे केले, तर डुक्कर. करायला गेले गणपती आणि झाला मारुती ही म्हण मी आयुष्यभर वापरली, पण तिचा अनुभव डायनिंग टेबलावर आला.

मग देवघरात गेले. आमच्या देवघरातला गणपती पितळेचा, सासूबाईंच्या माहेरचा, चार इंची. त्याला खाली आणून टेबलावर ठेवला आणि नीट बघितलं. रोज हळद-कुंकू लावते, पण कान कुठून सुटतात हे कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांच्याच रेषेत सुटतात, आणि खालचं टोक पार गालाच्या खाली जातं. सोंड दोन डोळ्यांच्या मधून निघते, तोंडाच्या जागेवरून नाही. डोळे पुढे नाहीत, बाजूला आहेत. त्याप्रमाणे टाचण्या हलवल्या. कानाचं वरचं टोक डोळ्यांच्या फेरीवर, खालचं सहा फेऱ्या खाली. सोंडेचं मूळ डोळ्यांच्या मध्ये, एक फेरी खाली. आणि हत्ती झाला, एकदम, जसा काही तो आत होताच.

शिवताना किटमधली प्लास्टिकची सुई दुसऱ्याच टाक्याला वाकली. गोधडीची सुई घेतली. पाय शिवायच्या आधी चारही टाचून टेबलावर उभं करून बघा. मी बघितलं नाही, त्यामुळे माझा हत्ती किंचित पुढे झुकून उभा राहतो, काहीतरी शोधत असल्यासारखा. गणपती धुऊन पुसून परत जागेवर ठेवला. यजमान म्हणाले, "आज देवाला ओव्हरटाइम?"

एकूण बावीस तास लागले, उसवण्यासकट. पाचपैकी अडीच गुण देणार होते, दुरुस्त पान पाठवलं म्हणून तीन देते. ज्यांना क्रोशा अजिबात येत नाही आणि गोल विणायला शिकायचंय, त्यांनी घ्यायला हरकत नाही. चौदाव्या फेरीचा आकडा आधी दुरुस्त करून घ्या, राखाडी गुंडा वजन करा, आणि कान लावताना समोर हत्तीचं एखादं चित्र किंवा गणपती ठेवा. ज्यांना मुका खांब येतो त्यांनी किटच्या भानगडीत न पडता लोकरीच्या दुकानात जावं. तिथला माणूस लॉट नंबर विचारतो.

हत्ती पुण्याला गेला. नातवाने हातात घेताच सोंड तोंडात घातली आणि दोन दिवस काढलीच नाही. तिसऱ्या दिवशी त्यावर वरण सांडलं. लेकीने मोज्यांच्या जाळीत घालून मशीनला लावला, मला न विचारता. रंग गेला नाही, डोळे जागेवर, कान जागेवर. शेपूट मात्र निघाली. तिचे टाके माझे होते, कंपनीचे नव्हेत.